बंद केलेले थेंब

आज ओपीडीत एक काका सुनेबरोबर आले. काचबिंदूचे थेंब दिवाळीपासून बंद. का, तर म्हणे, "घालून काही फरकच पडत नव्हता, डॉक्टर. पेपर तर मी आजही वाचतो."

वाचतात, खरंय. मधली नजर बहुतेकदा शेवटपर्यंत टिकते, कडेची आधी जाते, आणि दुखतखुपत काहीच नाही. काचबिंदूत बहुतेकदा डोळ्याच्या आतला दाब वाढून नजरेची नस खराब होत जाते; थेंब तो दाब कमी ठेवतात. हा दाब साधारण १० ते २१ (मिमी पारा) असतो. त्यांचा उजवीकडे ३२ निघाला. फील्ड टेस्टचा (कडेपर्यंत किती दिसतं ते मोजणारी तपासणी) कागद मागच्या वेळच्या कागदाशेजारी ठेवला. खालचा काळा, म्हणजे न दिसणारा, भाग वाढलेला. सूनबाई म्हणाल्या, "तरीच जिन्यावर ठेचकाळतात." काका गप्प.

गेलेली नजर परत येत नाही, थेंब उरलेली राखायला असतात, हे रोज नव्याने सांगावं लागतं. (मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्महिने घालून डोळ्याचा दाब वाढवून घेणाऱ्यांबद्दल आज लिहीत नाही. रक्तदाब वाढेल. माझा.)

काकांना दमा आहे, म्हणून टिमोलॉल (काचबिंदूचे नेहमीचे थेंब, पण दमा वाढवू शकतात) टाळून दुसरे थेंब दिले. सख्ख्या भावंडांनाही धोका जास्त असतो, तेव्हा धाकट्या भावाला तपासायला पाठवा म्हटलंय. काका म्हणाले, "तो माझ्याहून हट्टी आहे."