पदरचे अश्रू

रविवार, रात्री उशिरा.

काल चित्रपट संपल्यावर दादा फोनवर जे बोलला, ते त्याच्या लेखी काहीच नव्हते. तो बोलला, त्याने जांभई दिली आणि तो झोपायला गेला. मी मात्र आज सकाळी पोळ्या लाटताना, दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना आणि आता हे लिहितानाही तेच एक वाक्य ऐकते आहे. 'तू नेहमीच पदरचे घालतेस,' असे तो म्हणाला.

सहा आठवड्यांपूर्वी आम्ही १९६२ च्या 'डॉक्टर नो'पासून पुन्हा सुरुवात केली. दर शनिवारी रात्री तो तिकडे आणि मी इकडे एकाच वेळी चित्रपट लावतो. २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'पर्यंतचे पंचवीसच्या पंचवीस बाँडपट ओळीने पाहायचे, नावडता म्हणून एकही वगळायचा नाही आणि संपेपर्यंत एकमेकांशी बोलायचे नाही, एवढे तीनच नियम आहेत. काल सहाव्याची, म्हणजे १९६९ च्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'ची पाळी होती. जॉर्ज लेझनबीचा हा एकमेव बाँडपट. दादाच्या क्रमवारीत तो कायम मधल्या घोळक्यात असतो आणि माझ्या क्रमवारीत शाळेपासून पहिला आहे. या एका क्रमांकावरून आम्ही जितके भांडलो आहोत, तितके घराच्या वाटणीवरूनही भांडलो नाही.

तो पहिला का, असे मला कोणी विचारले की माझे उत्तर ठरलेले असे. मी शिल्टहॉर्नच्या शिखरावरच्या फिरत्या उपाहारगृहाबद्दल बोलत नसे, बर्फावरच्या पाठलागाबद्दल किंवा जॉन बॅरीच्या संगीताबद्दलही नाही, जरी ही तिन्ही कारणे पुरेशी आहेत. मी म्हणत असे की या चित्रपटात बाँड रडतो. लग्न होऊन काही तासही झालेले नाहीत, मोटारीवर फुले आहेत, ती फुले काढायला तो रस्त्याच्या कडेला थांबतो, मागून खलनायक ब्लोफेल्डची गाडी येते, त्याची साथीदार इर्मा बुंट गोळ्या झाडते, आणि क्षणभराने त्याला कळते की त्याची बायको ट्रेसी गेली. मोटारसायकलवरचा पोलीस जवळ येतो, तेव्हा तिला मांडीवर घेऊन तो सांगतो की काही झालेले नाही, ती जरा विसावा घेते आहे. मग तो रडतो. त्याचे ओले गाल मला इतके स्वच्छ आठवत होते की कोणी चित्र काढायला सांगितले असते, तर प्रकाश कोणत्या गालावर पडला होता हेही मी दाखवले असते.

काल तो रडला नाही.

त्याचा आवाज दाटलेला आहे, चेहरा सुन्न आहे, आणि मग तो मान खाली घालतो आणि तिच्या केसांत तोंड लपवतो. पुढे दिसते ती मोटारीची फुटलेली काच आणि तिच्यातले गोळीचे भोक, आणि त्यावर चित्रपट संपतो. मी ते दोन मिनिटांचे दृश्य तीनदा मागे नेऊन पाहिले. ओला गाल कुठेही नाही. मी दादाला विचारले की ही प्रत कापलेली आहे का, आणि त्यावर तो ते वाक्य बोलला.

वाक्यातला 'पदरचे' हा शब्द मी सोसला असता. 'नेहमीच' हा शब्द मला सोसवत नाही. नेहमीच म्हणजे आणखी कुठे कुठे? आईने शेवटच्या रात्री माझे नाव घेतले होते, हे मी सगळ्यांना सांगते, तेव्हा खोलीत मी एकटीच होते. दादा ते ऐकून प्रत्येक वेळी नुसती मान हलवतो.

ते राहू दे. मी चित्रपटाबद्दल लिहायला बसले आहे.

त्या न दिसलेल्या अश्रूंनी मी पुढचे सगळे बाँड मोजले, याचे मला आज फार वाईट वाटते आहे. रॉजर मूरच्या सात चित्रपटांना मी वर्षानुवर्षे कमी गुण देत आले, कारण ज्या माणसाने बायको गमावून असा आक्रोश केला, तो इतका हसतमुख कसा राहू शकेल, असा माझा आक्षेप होता. आक्रोश झालाच नसेल तर तो आक्षेप कशावर उभा राहतो? आज दुपारी नियम मोडून मी 'द स्पाय हू लव्हड मी'मधला कैरोतला प्रसंग काढून पाहिला. रशियन हेर आन्या बाँडची सारी कुंडली त्याच्यासमोर वाचते, अनेक मैत्रिणी, पण लग्न एकदाच, आणि बायकोचा खून, एवढे म्हणेपर्यंत तो तिला तोडतो. मूरचा चेहरा तिथे एका क्षणात मिटतो. तो मुळीच हसत नाही. हे मी पूर्वी पाहिले नव्हते असे नाही, पण मला त्याचे मोल देता आले नाही, कारण माझ्याजवळ आधीच मोठे, ओले, चकचकीत मोजमाप होते. मूरवर मी अन्याय केला.

१९८१ च्या 'फॉर युअर आइज ओन्ली'च्या सुरुवातीला तोच मूर लाल गुलाब घेऊन ट्रेसीच्या थडग्यापाशी उभा असतो. दगडावर तिचे नाव, १९४३ ते १९६९ ही साले आणि आपल्याजवळ जगातला सगळा वेळ आहे, हे त्यांचे वाक्य कोरलेले आहे. दोन मिनिटांत हेलिकॉप्टर येते आणि पुढचा गोंधळ सुरू होतो, म्हणून मी त्या प्रसंगाला दिखाऊ म्हणत आले. आज तो पाहताना वाटले की लेझनबीच्या बाँडचे दुःख मूरच्या बाँडने बारा वर्षांनी, दुसऱ्याच चेहऱ्याने, आठवणीत ठेवले हेच केवढे आहे. १९८९ च्या 'लायसन्स टू किल'मध्ये टिमथी डाल्टनच्या वाट्याला याहून कमी येते. मित्राच्या लग्नात नवरी त्याच्याकडे पायातला पट्टा फेकते आणि ज्याला तो मिळेल त्याचे लग्न पुढचे, असे सांगू लागते. तो कसनुसा निरोप घेऊन निघतो आणि मित्र बायकोला हळूच सांगतो की याचेही एकदा लग्न झाले होते, फार पूर्वी. ट्रेसीचे नाव घेतलेले नाही. डाल्टनची वळलेली पाठ तेवढी दिसते, आणि ती मला आज पुरली.

भाचा नीरज याच्याशी झालेले वाद तर आठवूही नयेत असे वाटते. त्याच्या पिढीचा बाँड म्हणजे डॅनियल क्रेग. २०१२ चा 'स्कायफॉल' आला, तेव्हा जुन्या प्रार्थनाघरात बाँडच्या हातांत त्याची वरिष्ठ एम प्राण सोडते आणि त्याचे डोळे भरून येतात, ते पाहून नीरज म्हणाला होता की बाँड पहिल्यांदाच रडला. मी त्याला सगळ्यांसमोर खोडून काढले. वयाने मोठी आणि जुनी जाणकार म्हणून मी इतक्या ठामपणे बोलले की तो बिचारा गप्प बसला. त्याचे बरोबर होते की नाही हे मी आता छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण माझे चुकले होते एवढे नक्की.

आज संध्याकाळी माळ्यावरून वही काढली. १९९२ ची दिवाळीची सुट्टी, भाड्याने आणलेला व्हीसीआर, रात्रीत तीन कॅसेट आणि प्रत्येक चित्रपटाला दहापैकी गुण. माझ्या मनात एक भाबडी आशा होती. लेझनबीने पुढे मुलाखतींत सांगितले आहे की तो प्रसंग पहिल्यांदा चित्रित झाला, तेव्हा त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आले होते, आणि दिग्दर्शक पीटर हंट यांनी बाँड रडत नाही असे सांगून तो पुन्हा घ्यायला लावला. म्हणजे अश्रू होते. ते वापरले गेले नाहीत, एवढेच. ही हकिगत मी कधीतरी वाचली असेल आणि वाचलेले पाहिलेल्यात मिसळले असेल, असे झाले असेल तर माझा दोष फार हलका होतो. वहीत मात्र माझ्या शाळकरी अक्षरात, त्याच रात्रीच्या तारखेखाली लिहिले आहे: 'शेवटी बाँड खूप रडतो. दहापैकी साडेनऊ.' तेव्हा मी कोणाची मुलाखत वाचली असणे शक्य नाही. म्हणजे जे पडद्यावर नव्हते, ते मी कॅसेट संपल्यावर तासाभरात कागदावर उतरवले होते. आठवण पुढे झिजून बदलली असे म्हणायलाही जागा राहिली नाही.

तो पिवळा कागद हातात धरून मी बराच वेळ बसून राहिले, आणि खरे सांगायचे तर मला स्वतःची फार कीव आली. माणूस इतर कशातही कच्चा असला तरी ज्याच्यावर त्याने जीव लावला, ते तरी त्याला नीट दिसले पाहिजे.

वहिनीचा फोन आला, तेव्हा तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, त्या रात्री बाबा रडले असतील आणि तू ते अश्रू पडद्यावर नेलेस. तिने ते इतक्या मायेने सांगितले की मला मान्य करावेसे वाटले. पण ते खरे नाही. बाबा त्या रात्री कारखान्यात तिसऱ्या पाळीला होते. दादा माझ्या शेजारी होता आणि त्याने भिंतीकडे तोंड केले होते. ते झोप आली म्हणून की दुसऱ्या कशासाठी, हे मी त्याला कधी विचारले नाही, आणि आता त्याबद्दल काही म्हणायला गेले तर पुन्हा पदरचेच होईल.

रात्री जेवण झाल्यावर ते दृश्य मी चौथ्यांदा पाहिले. या वेळी अश्रू शोधले नाहीत, तो काय काय करतो एवढेच पाहिले. हंट यांचा हा दिग्दर्शक म्हणून पहिलाच चित्रपट. त्याआधी सुरुवातीच्या बाँडपटांचे संकलन त्यांनी केले होते, आणि तो वेग, ती कापाकापी, ज्याला आपण बाँडपटाची चाल म्हणतो, ती बरीचशी त्यांच्या कात्रीतून आलेली आहे. अशा माणसाला कोणती चौकट ठेवायची यापेक्षा कोणती द्यायची नाही हे अधिक कळत असणार. लेझनबी अभिनेता नव्हता, ऑस्ट्रेलियातून आलेला मॉडेल होता, आणि सव्वादोन तासांहून लांब चित्रपटात त्याच्या उणिवा जागोजागी दिसतात, हे दादाचे म्हणणे मी आज पहिल्यांदा वाद न घालता मान्य करते. डायना रिग समोर असली की त्या उणिवा अधिकच दिसतात. पण त्या शेवटच्या क्षणी त्याच्याकडे अभिनय मागितलेला नाही. त्याला तोंड लपवायला सांगितले आहे. चेहरा दिसेनासा होतो, आणि तो दिसेनासा झाल्यावर तिथे काय चालले असेल, हे पाहणाऱ्यावर सोपवले आहे. बारा वर्षांच्या मुलीने तिथे अश्रू ठेवले. दादाने काही ठेवले नाही, आणि म्हणून तो चित्रपट त्याच्या घोळक्यात राहिला. आम्ही दोघांनी एकच कॅसेट पाहिली होती, हे मला आज पटत नाही.

मग लगेच ती मोठी, ढोलताशांसारखी अंगावर येणारी बाँडची नेहमीची धून वाजू लागते. ट्रेसीच्या अंगावरची फुले सुकलेलीही नसतात. लहानपणी मला ती धून इतकी क्रूर वाटे की मी उठून आवाज बंद करत असे. आज ती शेवटपर्यंत ऐकली.

वहीतली नोंद खोडलेली नाही. खाली आजची तारीख घालून लिहिले: 'रडत नाही. तोंड लपवतो.' गुणांचा रकाना भरायला घेतला आणि साडेनऊच लिहिले. मूरच्या दोन चित्रपटांचे गुण मात्र वाढवले, 'लायसन्स टू किल'चेही, आणि नीरजला एक लांब निरोप पाठवला, ज्यात 'स्कायफॉल'बद्दल मी तेव्हा बोलले ते परत घेते असे स्पष्ट लिहिले. त्याने उत्तरात विचारले आहे की आत्या, तुला बरे आहे ना. मला बरे आहे. दादाच्या शब्दाचे काय करायचे ते अजून कळलेले नाही, पण तो निदान ट्रेसीपुरता तरी खरा होता, आणि ट्रेसीपुरता तो मी ठेवून घेतला आहे.

येत्या शनिवारी १९७१ चा 'डायमंड्स आर फॉरएव्हर' आहे. शॉन कॉनरी परत येतो आणि पहिल्या काही मिनिटांत एकेकाला बडवत ब्लोफेल्ड कुठे आहे एवढेच विचारत सुटतो. तो हे कोणासाठी करतो आहे, हे कोणी बोलत नाही. आम्ही चाहते इतकी वर्षे म्हणत आलो की तो ट्रेसीचा सूड आहे. मी आत्ताच दादाला लिहिले की या वेळी ती मिनिटे अगदी नीट पाहा, तिचे नाव त्यात एकदाही येत नाही, मी तपासले आहे. त्याने निरोप वाचल्याची खूण दिसते आहे. बारा वाजून गेले तरी तो जागा आहे.