कनेक्टिंग विमान: बजेट की फुल सर्व्हिस?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, कारण मे महिना किंवा दिवाळी जवळ आली की हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच: मुंबईहून डिब्रूगडला जायचंय, मध्ये कोलकात्याला विमान बदलायचंय, तर स्वस्तातली (बजेट) एअरलाइन घेऊ की थोडे जास्त टाकून जेवण भाड्यातच देणारी फुल सर्व्हिसवाली?

मी म्हणते एअरलाइन नंतर बघा, आधी दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, आहेत का ते बघा. एक पीएनआर असेल तर बॅगेला मुंबईतच शेवटच्या ठिकाणाचा टॅग लागतो, आणि पहिलं विमान लेट होऊन दुसरं चुकलं तर तुम्हाला पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी एअरलाइनची असते. हे बजेटवाल्यांकडेही मिळतं बरं का, इंडिगो स्वतःची कनेक्शन्स एकाच तिकिटावर विकते. उलट फुल सर्व्हिसची दोन वेगवेगळी तिकिटं काढलीत तर त्या नावाचा काही फायदा नाही, पहिल्याला उशीर झाला तर दुसऱ्या विमानाच्या लेखी तुम्ही सरळ नो-शो, म्हणजे न आलेले प्रवासी, आणि परत काय मिळतं तर टॅक्स आणि एअरपोर्टची फी, तेही मागितलंत तर.

बुकिंग साइट्सवर इथेच गडबड होते, त्या दोन कंपन्यांची विमानं एकत्र जोडून स्वस्त भाडं दाखवतात, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मधला ट्रान्सफर तुमचा तुम्ही करायचा. म्हणजे बॅग बेल्टवरून घ्या, बाहेर या, परत चेक-इन, परत सिक्युरिटी. आणि देशांतर्गत चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, त्यामुळे स्क्रीनवर दिसणारे अडीच तास हातात दीडच उरतात.

मुंबईत उतरून पुढे जाणाऱ्यांनी, म्हणजे नागपूरहून येऊन गोव्याला वगैरे, टर्मिनल नक्की बघा. टी-१ सांताक्रूझच्या बाजूला, टी-२ सहारला. एअर इंडिया टी-२ वरून उडते, पण इंडिगोची काही विमानं टी-१ वरून आणि काही टी-२ वरून, त्यामुळे कंपनी तीच म्हणून निर्धास्त राहू नका. आता अ‍ॅक्वा लाइन मेट्रो आहे, दोन टर्मिनलच्या मध्ये सहार रोड हे एकच स्टेशन, पण दोन मोठ्या बॅगा आणि लहान मूल घेऊन ते पण सोपं नाहीये. शिवाय डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय, सर्चमध्ये दोन्ही ‘मुंबई’ म्हणूनच येतात, तेव्हा कोड वाचा, बीओएम (मुंबई) की एनएमआय (नवी मुंबई). नवी मुंबईच्या विमानतळावर, म्हणजे उलव्याला, उतरून सहारला जायचं म्हणजे वाशीचा पूल, चेंबूर, कुर्ला, त्यात संध्याकाळची वेळ असेल तर बघायलाच नको!

हे सगळं जुळलं की मग एअरलाइन. जेवणासाठी जास्त पैसे देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, घरून पोळीभाजी न्या, चालते. मी बघते ती त्या मार्गावर त्याच कंपनीची दिवसात किती विमानं आहेत ते. कोलकात्याहून पुढे एकच विमान असेल आणि ते गेलं, तर ‘पुढच्या विमानात बसवू’ म्हणजे उद्या. इथे बऱ्याचदा बजेटवालेच पुढे असतात, त्यांच्या फेऱ्या जास्त. पण डिसेंबर 2025 मध्ये पायलटांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनंतर इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा जास्त फेऱ्यांचाही उपयोग झाला नाही, हेही लक्षात ठेवा. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड यातलं तुम्हाला हवं ते मागता येतं, डीजीसीएचा, म्हणजे सरकारी विमान नियामकाचा, हा नियम बजेट आणि फुल सर्व्हिस दोघांनाही सारखाच.

आईवडील एकटे जाणार असतील तर मात्र मी हात आखडत नाही. एक पीएनआर, बुकिंगच्या वेळीच व्हीलचेअर सांगून ठेवलेली, म्हणजे स्टाफ त्यांना पुढच्या गेटपर्यंत नेतो, आणि मध्ये तीन तासांचा वेळ. एवढं मिळत असेल तर हजार-दोन हजार जास्त गेले तरी द्यावेत, मग कंपनी कुठलीही असो.

आणि पहिलं विमान शक्यतो पहाटेचं घ्या. एकच विमान दिवसभर पाच-सहा फेऱ्या मारतं, सकाळचा अर्धा तास उशीर संध्याकाळपर्यंत दोन तासांवर जातो. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते, त्यात पावसाळ्यात दिसेनासं झालं की विमानं वर घिरट्या घालत बसतात, कधी अहमदाबाद नाहीतर हैदराबादला वळवतात. म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये दोन वेगळी तिकिटं असतीलच तर मध्ये एक रात्र मुक्काम करा आणि त्या हॉटेलचा खर्च धरूनच स्वस्त-महाग ठरवा.