टाळूला चिकटलेला शब्द

१९८८ साली मी आपल्या शाळेतून एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी, झालो. आमच्या खानापूरकडच्या पावसाळ्यात जळण फोडून चुलीमागं सुकत घालायचं काम माझ्याकडं असे. त्यामुळं इंग्रजीच्या धड्यात ‘क्लीव्ह’ (cleave) हे क्रियापद आलं आणि सरांनी ‘फोडणे, दुभंगणे’ असा अर्थ सांगितला, तेव्हा हातातली कुऱ्हाडच आठवली.

मधल्या सुट्टीत ग्रंथालयातली जाड डिक्शनरी उघडली, तर त्याच शब्दापुढं दुसरा अर्थ : चिकटणे, बिलगून राहणे. छपाईची चूक असणार म्हणून सरांना दाखवली. त्यांनी दोनदा वाचलं आणि वर्गासमोर म्हणाले, “हे मला ठाऊक नव्हतं रे. बघून सांगतो.” शिक्षकाच्या तोंडून असं वाक्य तोवर मी ऐकलं नव्हतं. सरांबद्दलचा माझा आदर त्या दिवशी दुप्पट झाला.

तिसऱ्या दिवशी अख्खा तास त्या एका शब्दाला गेला. मुळात ती दोन क्रियापदं. जुन्या इंग्रजीत फोडण्याचं वेगळं, चिकटण्याचं वेगळं. पुढं बोलण्यात घासून दोन्हींचा उच्चार एक झाला. मग ओळखायचं कसं? “पुढं ‘टू’ आहे का बघ,” सर म्हणाले. असला तर चिकटणं. १६११च्या इंग्रजी बायबलात नवरा बायकोला ‘क्लीव्ह’ होऊन राहतो. तिथं ‘टू’चं जुनं रूप ‘अन्टू’ आहे. फोडण्याच्या अर्थी मात्र क्रियापदानंतर थेट कर्म येतं, आणि भूतकाळाची रूपंही भरपूर : क्लोव्ह, क्लेफ्ट, क्लीव्ह्ड. गाईम्हशीचा चिरलेला खूर ‘क्लोव्हन’. लसणाची पाकळी म्हणजे ‘क्लोव्ह’, तीही याच कुळातली. लवंगेलाही इंग्रजीत क्लोव्हच म्हणतात, पण ती या घरची नाही. फ्रेंचमधल्या ‘खिळा’ या शब्दावरून ती आली. लवंगेचा आकार आठवा, पटेल.

मला सगळ्यात आवडला तो टाळू. भीतीनं जीभ टाळूला चिकटते, तिथं क्लीव्ह. जन्मतः फाटलेला टाळू तो क्लेफ्ट.

माझ्या बाकावरचा मित्र घरी कन्नड बोलायचा. सरांनी त्याला विचारलं, “तुमच्यात काय म्हणतात?” तो उभा राहून म्हणाला, “फोडायला सीळु, चिकटायला अंटु, सर.” सरांनी तेही फळ्यावर लिहिलं. १९५६ साली आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. घरोघरी भाषेवरून बोलणं व्हायचं, आवाज चढायचे. त्या तासाला तिन्ही भाषा एका फळ्यावर शेजारी होत्या आणि आम्ही सगळे त्या वहीत उतरवून घेत होतो.

पुढं भाषांतर हेच माझं पोटापाण्याचं काम झालं. आजही अडलेल्या शब्दाच्या पुढचा शब्द मी आधी बघतो.

मागल्या महिन्यात शाळेत आलो, तेव्हा ती डिक्शनरी कपाटात दिसली. शिवण सुटली आहे, पण त्या शब्दापाशी सरांनी पेन्सिलीनं केलेली खूण अजून आहे. नव्या बांधणीचा खर्च मी देतो. ती खूण तेवढी पुसू देऊ नका.