हे असं का केलंय?

नवीन टीममध्ये रुजू झालो तेव्हा ऑर्डरचा कोड बघून डोक्याला हात लावला. दर 30 सेकंदांनी एक जॉब, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, पोस्टग्रेस डेटाबेसच्या टेबलात डोकावायचा आणि नवीन ऑर्डरी उचलायचा. सरळ रॅबिटएमक्यूसारखी क्यू (ऑर्डर आली की लगेच पुढे पोचवणारी संदेशांची रांग) लावायची सोडून हे काय? विचारलं, तर उत्तर आलं, 'आधीपासून तसंच आहे.' लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला.

दोन आठवडे खपून मी क्यू बसवली. डिप्लॉयमेंटच्या आदल्या दिवशी कळलं, की क्लायंटच्या सर्व्हरवर डेटाबेसखेरीज दुसरं काही बसवायची परवानगीच नाही. सगळं काम बासनात!

त्या चिडीतून एडीआर, म्हणजे आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड (सॉफ्टवेअरच्या रचनेचा निर्णय का घेतला याची नोंद), लिहायला घेतले. सॉफ्टवेअर आर्किटेक्ट मायकेल नायगार्ड यांनी 2011 मध्ये मांडलेली ही पद्धत साधी आहे. एका निर्णयाला एक छोटी टेक्स्ट फाइल. त्यात शीर्षक, पार्श्वभूमी, निर्णय, स्थिती आणि परिणाम. फाइल कोडच्याच रिपॉझिटरीत, म्हणजे साठ्यात, राहते.

माझा पहिला एडीआर चार पानांचा झाला, आकृत्यांसकट. कोणी वाचला नाही. तोच एका पानात बसवला, तेव्हा रिव्ह्यूला पहिली कमेंट आली.

सगळ्यात अवघड गेलं ते 'परिणाम' लिहिणं. जो तो फक्त फायदे लिहायचा, लग्नाच्या बायोडेटासारखे. मग रिव्ह्यूत 'तोटा कुठाय?' विचारायची सवय लावून घेतली. त्या जुन्या जॉबवरच्या 0001 नंबरच्या एडीआरमध्ये मी लिहिलं: ऑर्डर दिसायला 30 सेकंदांपर्यंत उशीर होईल, टेबल वाढलं की क्वेरी जड होईल, परवानगी मिळाली तर हा निर्णय पुन्हा उघडावा.

गमतीही झाल्या. दोघांनी आपापल्या ब्रांचमध्ये (कोडच्या स्वतंत्र प्रतीत) नव्या एडीआरला 0007 हाच नंबर दिला. फाइलींची नावं वेगळी असल्यामुळे कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिटने हूं की चूं केलं नाही. तेव्हापासून नंबर मर्ज करताना, म्हणजे ब्रांच मुख्य कोडात मिसळताना, देतो. आणि जुना एडीआर पुसायचा नाही, फक्त त्याची स्थिती बदलायची, हे तर दर नव्या माणसाला सांगावंच लागतं.

पुढे क्लायंटने परवानगी दिली. नुकत्याच आलेल्या एका मुलीने 0001 वाचलेला होता. तिने 0014 लिहिला आणि 0001 च्या स्थितीत '0014 ने बदलला' अशी नोंद केली. मी हौसेने माझी जुनी क्यूची ब्रांच दाखवली. तिने ती चाळली आणि विचारलं, "पण यात काम फसलं तर तीनदाच रिट्राय का ठेवलाय?"

मला आठवेना.