येरवड्याच्या कोणत्या बाजूला?

"म्हणजे तू येरवड्याच्या नेमक्या कोणत्या बाजूला गं?" विश्रांतवाडीची मावशी दर व्हिडिओ कॉलला विचारते. प्रश्न खवचट आहे, पण चुकीचा नाही. पुण्यात 'तुला येरवड्याला पाठवायला पाहिजे' असं कुणी म्हटलं, की कारागृहात की मनोरुग्णालयात, हे ऐकणाऱ्यानं स्वतःच्या गुणांवरून ओळखायचं असतं. मी फोरेन्सिक सायकियाट्री, म्हणजे गुन्ह्यात आणि कोर्टात अडकलेल्या मनोरुग्णांचं शास्त्र, शिकते, तेव्हा उत्तर 'दोन्हीकडे' असंच द्यावं लागतं. (नाही मावशी, पोस्टमॉर्टेम नाही करत मी. ते खातं वेगळं. आमचे पेशंट बोलतात.)

सोलापूरहून एमडी करून इंग्लंडला आले, तरी कोअर ट्रेनिंगची, म्हणजे मनोविकारशास्त्राच्या पायाभूत शिक्षणाची, तीन वर्षं मी पुन्हा काढली, एमआरसीसायकच्या, म्हणजे इथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या, परीक्षा दिल्या. आता त्यापुढची तीन वर्षं फक्त फोरेन्सिकची, त्यातलं हे दुसरं. सध्या मीडियम सिक्युअर युनिटमध्ये, म्हणजे मध्यम बंदोबस्ताच्या मनोरुग्णालयात, आहे. ब्रॉडमूर वगैरे हाय सिक्युअर, त्याच्या एक पायरी खाली. पहिल्या दिवशी औषधांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. किल्ल्या कशा सांभाळायच्या तेच शिकवलं: कमरेला साखळी, साखळीला किल्ल्या, आणि किल्ल्या पाकिटात झाकलेल्या, कारण किल्लीचे दातेसुद्धा पेशंटला दिसता कामा नयेत. च्युइंगगम आत नेता येत नाही. त्यात किल्लीचा ठसा घेता येतो, हे ऐकून मी हसले होते. बाकी कुणी हसलं नाही.

इथला बराच वेळ कागदांत जातो. क्राउन कोर्टानं (गंभीर गुन्ह्यांचं इथलं कोर्ट) मेंटल हेल्थ अॅक्टच्या कलम ३७ खाली तुरुंगाऐवजी हॉस्पिटलमध्ये पाठवलेल्या आणि वर लोकांच्या सुरक्षेसाठी ४१ चं बंधन घातलेल्या माणसाला कोपऱ्यावरच्या कॅफेत चहाला न्यायचं म्हटलं, तरी न्याय मंत्रालयाची परवानगी लागते. वर्षानुवर्षं वॉर्डात काढलेल्या माणसाच्या एका चहासाठी मी दोन संध्याकाळी फॉर्म भरलाय. चिडचिड होते. पण त्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी घर उद्ध्वस्त झालेलं असतं, हेही त्याच फाइलमध्ये वाचलेलं असतं.

खरी शिकवणी रिपोर्ट लिहिण्याची. 'हा आजारी आहे का?' एवढ्यावर आमचं भागत नाही. आज खटला समजून घेऊन वकिलाशी बोलण्याइतका तो शुद्धीवर आहे का, हा एक प्रश्न. त्याची कसोटी १८३६ च्या प्रिचर्ड खटल्यापासून चालत आलेली. गुन्हा घडला त्या क्षणी त्याच्या मनात काय चाललं होतं, हा अगदी वेगळा प्रश्न. १८४३ साली मॅक्नॉटननं पंतप्रधान पील समजून त्यांच्या सेक्रेटरीला गोळी घातली. मनोरुग्ण म्हणून तो निर्दोष ठरला, त्यावर गदारोळ झाला आणि न्यायाधीशांनी जे नियम सांगितले (आजारामुळे आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हेच कळत नसेल, तर तो दोषी नाही), तेच पुढे आपल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये आले. आता भारतीय न्याय संहितेत त्याचं कलम २२ झालंय. सोलापुरात पाठ केलं होतं ते इथं येऊन मुळाशी भेटलं. कानात आवाज येत असलेल्या माणसालाही चोरी ही चोरी आहे, हे नीट कळत असू शकतं. आजार खरा असतो आणि जबाबदारीही सुटत नाही. नातेवाइकांना हे समजावताना माझी अजून दमछाक होते.

माझ्या पहिल्या रिपोर्टात मी 'त्याने कबूल केले' असं लिहिलं होतं. कन्सल्टंटनं ते खोडून 'त्याने मला सांगितले' केलं. कबुली घेणं पोलिसांचं काम, म्हणाल्या.

तेव्हा मला जेआर-टू, म्हणजे एमडीच्या दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर, असतानाची एक दुपार आठवली. तिकडे, एका सरकारी हॉस्पिटलात, तुरुंगातून एकाला तपासणीला आणलं होतं. बेडी होती, शिपाई दाराशी मोबाइल बघत उभा. मी शिपायाला बाहेर बसवलं, पेशंटला पाणी दिलं आणि मोठ्या मायेनं म्हटलं, "घाबरू नका, मला सगळं सांगा." त्यानं सगळं सांगितलं. मी ते सुवाच्य अक्षरात उतरवून सरांपुढे ठेवलं. सरांनी एवढंच विचारलं, "हे कोर्टात जाणार, हे त्याला माहीत होतं का?"

नव्हतं. मला स्वतःलाही सुचलं नव्हतं. इथं प्रत्येक मुलाखतीच्या सुरुवातीला ते सांगावंच लागतं, आणि सांगितलं ही नोंद रिपोर्टात करावी लागते. इंग्रजीत आता झोपेतही येईल. मराठीत मात्र परवा स्वयंपाकघरात उभी राहून जुळवत होते. 'गोपनीयतेच्या मर्यादा' हे शब्द त्या माणसापुढे काय कामाचे? शेवटी जमलं ते असं: "मी डॉक्टर आहे, पण आज तुमच्यावर उपचार करायला आलेली नाही. तुम्ही सांगाल ते माझ्यापाशी राहणार नाही, जजसाहेबांपर्यंत जाईल. नको वाटलं तर सांगू नका."