पन्नास पैशांचा पॉइंट आणि बाबांची बोट

बाबा मूळचे मालवणचे. त्यांच्या तरुणपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसायचं आणि गावी जायचं. मालवणला बोट खोल पाण्यात उभी राहायची. माणसं, ट्रंका, पोरंबाळं सगळं पडावात, म्हणजे छोट्या होडीत उतरवून किनाऱ्याला आणायचे. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावं ते आजही घरातल्या माणसांसारखी घेतात. ती बोट बंद झाली आणि समुद्रातून आपला किनारा बघणंही संपलं. त्यामुळे मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या कॉर्डेलियाच्या क्रूझबद्दल कळलं, तेव्हाच ठरवलं की आई-बाबांना न्यायचं.

आई-बाबा, आम्ही दोघं आणि लेक, अशी पाच माणसं. तीन रात्री, खिडकी नसलेल्या दोन खोल्या. भाडं, जीएसटी, बंदराचे आकार आणि बोटीवरच्या कर्मचाऱ्यांची ग्रॅच्युइटी (म्हणजे टिप) धरून आकडा आला 1,12,400 रुपये. जाहिरातीत दिसतं ते फक्त भाडं असतं. बाकीचं शेवटच्या पानावर जोडलं जातं, म्हणून हिशोब शेवटच्या पानावरून करावा.

तेव्हा क्रेडिट कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट आठवले. माझं कार्ड आणि त्यालाच जोडलेलं नवऱ्याचं ॲड-ऑन कार्ड. किराणा, लेकीची फी, सोसायटीचा मेंटेनन्स आणि त्यातच घराचं केलेलं काम, असे जवळपास तीन वर्षांचे मिळून 1,11,250 पॉइंट साठले होते. दर दीडशे रुपयांमागे चार पॉइंट, शिवाय वर्षाच्या खर्चाचा ठरलेला टप्पा गाठला की बोनस. पेट्रोल आणि घरभाड्यावर काहीच मिळत नाही, हे मला उशिरा समजलं.

आकडा मोठा दिसतो, पण पॉइंटाला स्वतःची किंमत नसते. तो कुठे वटवता यावर ती ठरते. माझ्या कार्डावर बिलातून वजा करून घेतले तर एका पॉइंटाचे 20 पैसे, कॅटलॉगमधले मिक्सर-घड्याळं घेतली तर साधारण 30 आणि प्रवास कंपनीचं व्हाउचर घेतलं तर 50. म्हणजे 1,10,000 पॉइंट धरले तर त्यांचे एकीकडे 22,000 रुपये आणि दुसरीकडे 55,000. हा फरक मी कागदावर मांडला आणि नवऱ्याला दाखवला. बिलातून वजा करायचं बटण सगळ्यात ठळक असतं, आणि आदल्या वर्षी आम्ही थोडे पॉइंट तसेच घालवले होते. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

बँकेच्या प्रवासाच्या पोर्टलवर विमानं होती, हॉटेलं होती, क्रूझ नव्हती. म्हणून व्हाउचरचाच रस्ता उरला. इथे मी एक काम फार नीट केलं, आणि पॉइंट वाचले ते त्यामुळेच. बँकेच्या कॉल सेंटरवरची मुलगी म्हणाली, "हो मॅडम, क्रूझला चालेल." तेवढ्यावर न थांबता मी ज्या कंपनीचं व्हाउचर घेणार होते, त्यांना मेल केला: हे व्हाउचर क्रूझच्या बुकिंगला चालतं का, एका बुकिंगला किती लावता येतात, बुकिंग रद्द झालं तर परत काय मिळतं? पहिल्या कंपनीचं उत्तर आलं की फक्त हॉटेल आणि विमानाला. एकदा वटवलेले पॉइंट परत मिळत नाहीत. विचारलं नसतं तर ते सगळे तिथेच अडकले असते. दुसऱ्या कंपनीनं लेखी होकार दिला, पण अट घातली: ऑनलाइन एका बुकिंगला एकच व्हाउचर, जास्त असतील तर शाखेत यावं लागेल.

शिवाय महिन्याला 50,000 पॉइंटच वटवायची बँकेची मर्यादा. मग ऑगस्टमध्ये 50,000, सप्टेंबरमध्ये 50,000 आणि ऑक्टोबरमध्ये आणखी 10,000 वटवले. दर वेळी 99 रुपये शुल्क आणि त्यावर जीएसटी. पाच-पाच हजारांची अकरा व्हाउचर जमली. ती घेऊन शाखेत गेले, मेलची प्रिंट पुढे ठेवली आणि तासाभरात बुकिंग झालं. उरलेले 57,400 रुपये आम्ही आधीपासून बाजूला ठेवले होते.

ते बाजूला ठेवलेले असणं महत्त्वाचं होतं. दीडशे रुपयांमागे चार पॉइंट म्हणजे दोन रुपये, सव्वा टक्क्याहून जरासं जास्त. बिल थकलं तर बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. म्हणजे एका महिन्याची थकबाकी पॉइंटांची कमाई दुपटीहून जास्त खाते. ज्यांना दर महिन्याला पूर्ण बिल भरणं जमत नाही, त्यांना मी हा मार्ग कधीच सांगणार नाही.

निघण्याआधी वेब चेक-इन करताना बाबांचं नाव बुकिंगवर एक आणि आधारवर दुसरं निघालं. त्यांच्या वडिलांचं मधलं नाव बुकिंगवर घालायचं राहिलं होतं. दोन फोन करून दुरुस्त झालं. देशातल्या देशात जाणाऱ्या क्रूझला पासपोर्ट लागला नाही.

बोट 'एम्प्रेस'. 1990 मध्ये फ्रान्समध्ये बांधलेली, आधी परदेशात फिरलेली. बाबा तिच्याकडे मान वर करून बराच वेळ बघत राहिले. रात्री जेवताना म्हणाले, "बोट लागाक नाय, तर ती बोट कसली?" समुद्र शांत होता, कोणालाच लागली नाही.

पहाटे साडेपाचला खोलीचं दार वाजलं. बाबा स्वेटर घालून उभे. बाबा आणि मी वरच्या डेकवर गेलो. किनारा बराच लांब होता, काळी रेघ आणि एका जागी थांबून थांबून लुकलुकणारा दिवा. "देवगड मागे पडलं असेल," ते म्हणाले. मग रेघ हळूहळू उजळायला लागली आणि ते बोटानं दाखवत एकेक नाव घेऊ लागले: आचरा, तोंडवळी, मालवण. नक्की काय कुठे होतं ते मला दिसत नव्हतं. त्यांना दिसत होतं.