घरच्या घरी काळं-पिवळं टर्नटेबल

जुनं डीजे टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं मशीन, रंगवलं असं म्हटलं की लोक आधी शेडच विचारतात. माझं म्हणणं असं की रंग ही शेवटची गोष्ट आहे आणि खरं सांगायचं तर सगळ्यात सोपीसुद्धा. आधी मशीन फिरलं पाहिजे, दोन्ही चॅनेलमधून आवाज आला पाहिजे, सुई धरणारा आर्म हलवल्यावर खुळखुळता कामा नये, मग काय फासायचं ते फासा. उलटं केलं की चकचकीत बंद डबा तयार होतो. सेकंडहँड बाजारात असे डबे ढिगाने आहेत आणि मालक त्याचे वर रंगाचे पैसे पण लावतात.

माझ्याकडचं मशीन म्हणजे टेक्निक्स एसएल-१२०० मार्क टू. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, जपानच्या मात्सुशिता कंपनीने (म्हणजे आताची पॅनासॉनिक) १९७२ मध्ये १२०० काढलं ते दिवाणखान्यात बसून शांतपणे गाणी ऐकणाऱ्यांसाठी. क्लबमधल्या पोरांनी ते उचललं आणि त्यावर हाताने रेकॉर्ड मागेपुढे करायला लागले. मग १९७९ मध्ये मार्क टू आलं, त्यात स्पीड कमीजास्त करायला गोल बटणाऐवजी लांब सरकणारी पट्टी (हीच पिचची पट्टी) आली, अधिकउणे ८ टक्के, आणि क्वार्ट्झ क्रिस्टलवर स्पीड लॉक व्हायला लागला. त्यानंतर २०१० मध्ये प्रॉडक्शन बंद होईपर्यंत मूळ ढाचा जवळजवळ तोच राहिला. २०१६ मध्ये पुन्हा सुरू केलं पण त्या किमती बघून मी टॅब बंद केला.

डीजे लोकांना हेच का आवडलं त्याचं कारण प्लॅटर, म्हणजे वरची फिरती थाळी, उचलला की दिसतं. बेल्टवाल्या मशीनमध्ये मोटर एका कोपऱ्यात असते, रबराचा पट्टा प्लॅटरला फिरवतो, हाताने धरलं की पट्टा घसरतो आणि सोडल्यावर स्पीड यायला वेळ लागतो. इथे पट्टाच नाही. प्लॅटरच्या पोटाला गोल चुंबक स्क्रूने बसवलेलं, त्याच्या खाली कॉइल, म्हणजे ज्याच्यावर रेकॉर्ड ठेवतो तो प्लॅटरच मोटरचा फिरणारा भाग. स्टार्ट दाबल्यावर ०.७ सेकंदात पूर्ण स्पीड. खाली स्लिपमॅट (घसरणारी पातळ मॅट) असली की रेकॉर्ड हाताने धरून ठेवा, प्लॅटर खालून फिरत राहतो, सोडलं की गाणं लगेच चालू.

आपल्याकडे ही मशीनं तशी कमीच सापडतात. गोव्यातल्या नव्वदच्या दशकातल्या किनाऱ्यावरच्या ट्रान्स पार्ट्यांमध्येसुद्धा बरेच डीजे रेकॉर्डऐवजी डॅट, म्हणजे डिजिटल कॅसेट वाजवायचे, कारण त्या उन्हात आणि धुळीत रेकॉर्ड वाकून पापड व्हायची. माझं मशीन ओळखीतल्या एका दादाने जपानहून आणलेलं, आणि आल्या आल्या उत्साहात थेट भिंतीतल्या प्लगला लावलेलं. जपानमध्ये १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. थोडा वास आला म्हणे, मग काहीच नाही. मग बरीच वर्षं माळ्यावर. मी मागितलं तेव्हा दादा म्हणाला, "घेऊन जा रे बाबा, वहिनी तसंही भंगारात द्यायला निघालीय."

उघडताना एक गोष्ट लक्षात ठेवा, जपानी मशीनचे स्क्रू दिसायला आपल्या फिलिप्ससारखे असले तरी ते जेआयएस (जपानी मापाचे) असतात, साधा स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि स्क्रूचं तोंड खराब करतो. जेआयएस बिट ऑनलाइन मिळतं, घेऊन टाका, स्कूटरचे जुने स्क्रू काढायलाही उपयोगी पडतं. रबर मॅट, प्लॅटर, हेडशेल (आर्मच्या टोकाचा, सुई बसवायचा भाग), आर्मच्या मागचं वजन सगळं काढायचं, आर्म त्याच्या स्टँडवर टेपने बांधायचा, मग मशीन फोमवर पालथं घालायचं. खालचा जो जाडजूड काळा भाग आहे तो चक्क रबराचा आहे आणि वजन बरंचसं त्यातच आहे. क्लबमध्ये बास वाजत असताना सुई उडू नये म्हणून ही सगळी जाडी. प्रत्येक स्टेपला मोबाइलवर फोटो काढा, कुठली वायर कुठे ते नंतर आठवत नाही.

फ्यूज गेलेला होता आणि ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे प्लगकडची गुंडाळी पण (आतल्या सर्किटकडची ती सेकंडरी). पहिला विचार सगळ्यांसारखाच, नवीन ट्रान्सफॉर्मर मागवू. पण मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडच्या आतल्या गल्लीत वाइंडिंग करणारे एक काका आहेत, त्यांनी मीटर लावून बघितलं आणि म्हणाले, "सेकंडरी शाबूत आहे हो तुमची, कशाला नवा घेता, प्रायमरी २३०ला गुंडाळून देतो." आणि दिली! आता हे मशीन कुठलाही वेगळा स्टेपडाउन डबा न लावता आपल्या घरच्या प्लगला चालतं. आपल्याकडे ५० हर्ट्झ असतात त्याने स्पीडवर काही होतं का असं बरेच जण विचारतात, तर नाही, स्पीड क्वार्ट्झ क्रिस्टल ठरवतो, लाइनची फ्रिक्वेन्सी नाही. बसवून झाल्यावर आतल्या रेग्युलेटरवर २१ व्होल्ट येतात का ते मोजायचं, माझ्याकडे किंचित कमी येत होते ते बोर्डावरचा छोटा प्रीसेट (स्क्रूसारखा फिरणारा) फिरवून बरोबर केले. वीज चालू ठेवून आत हात घालायची सवय नसेल तर हा भाग मेकॅनिककडूनच करून घ्या, इथे उगाच शूरपणा नको.

बाकीचं इलेक्ट्रिकल काम किरकोळ होतं. अँपकडे आवाज नेणारी आरसीए केबल जिथून मशीनच्या बाहेर पडते तिथे वाकून वाकून आतून तुटलेली, हा या मॉडेलचा नेहमीचा आजार, त्यामुळे उजवा चॅनेल मुका. आर्मच्या खाली छोटा बोर्ड असतो, तिथे नवी केबल सोल्डर केली. अर्थची वायर विसरू नका, ती अँपला लावली नाही तर भुणभुण थांबणार नाही. पिचची पट्टी सुकलेल्या ग्रीसने अडकत होती, ती खोलून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि फेडरचं (सरकत्या बटणांचं) ल्युब लावलं. डब्ल्यूडी-४० मारू नका आत, कितीही मोह झाला तरी. सुई दिसावी म्हणून जो दिवा टुपकन वर येतो त्याचा बल्ब गेला होता, तिथे पांढरा एलईडी. मधल्या स्पिंडलमध्ये तेलाचे दोन-तीन थेंब, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दर २००० तासांनी एवढंच सांगितलंय, जास्त नाही. फिरवून बघितलं, प्लॅटरच्या कडेच्या ठिपक्यांची एक ओळ लाल दिव्यात एकदम स्थिर उभी राहिली. म्हणजे स्पीड बरोबर. इथे खरं काम संपलं.

आता रंग. वरची बॉडी ॲल्युमिनियमची डायकास्ट (साच्यात ओतलेली) आहे, म्हणजे गंजत नाही पण रंगही पकडत नाही नीट. जुना सिल्व्हर रंग कोपऱ्यांवर उडालेला, पुढच्या बाजूला कुणीतरी सिगरेट विझवल्यासारखा डाग (दादा म्हणतो मी नाही, ठीक आहे). रिमूव्हर जेल लावून तो सगळा काढला, मग वॉटर पेपर ३२०, ४००, ६०० असं घासत गेलो, साबणाने धुतलं, वाळवलं. घासलेल्या ॲल्युमिनियमवर हवेतच लगेच ऑक्साइडचा थर यायला लागतो म्हणून शेवटचं घासणं आणि प्रायमर एकाच दिवशी करायचं. आणि प्रायमर साधा लाकूड-लोखंडाचा चालत नाही, एच (etch) प्रायमर हवा, त्यातलं ॲसिड धातूला चावतं आणि धरून बसतं. नाहीतर सहा महिन्यांनी नखाने रंग सोलून निघतो. बारीक खड्ड्यांना त्यावर एनसीची (नायट्रोसेल्युलोजची) पातळ लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पुन्हा घासलं.

एक इशारा, घासायला स्टील वूल वापरणार असाल तर प्लॅटर दुसऱ्या खोलीत ठेवा. त्याच्या पोटातलं चुंबक लोखंडाचा एक एक कण खेचून घेतं आणि तो कण नंतर कॉइलवर घासत बसतो. मी तर प्लॅटर पिशवीत बांधून कपाटात ठेवला होता, बायकोच्या साड्यांच्या खाली, त्यावरून जे काही झालं ते सोडा.

रंग टूके पीयू (हार्डनर मिसळायचा पॉलियुरेथेन) मारायचा की एनसी यावर मी बराच विचार केला. पीयू टिकाऊ, गाड्यांना तोच मारतात, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसात जाणं फार वाईट, त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. घराच्या गच्चीवर ते करायचं नाही, गॅरेजला द्यायचं. मला घरीच करायचं होतं म्हणून एनसी. तो पटकन वाळतो, ओघळ आला तर घासून पुन्हा मारता येतो, पॉलिश सुंदर होतो. व्हेपर मास्क मात्र लागतोच, आणि जवळपास विडी-काडी काही नको. एनसीचा तोटा एकच, दमट हवेत तो पांढरा पडतो. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर दुधट साय येते. त्यामुळे मुंबई-ठाण्याकडे जून ते ऑक्टोबर हे काम विसरा. आणि फेब्रुवारीनंतरही विसरा, कारण गच्चीवर वाळवणं येतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडयांवर पिवळी धूळ बसली असती तर सोसायटीत राहणं मुश्किल झालं असतं. म्हणजे हातात राहतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सेक्रेटरींना आधी सांगून ठेवलं होतं, ते दोनदा वर येऊन बघून गेले, दुसऱ्यांदा त्यांच्या स्कूटरचं मडगार्ड घेऊन.

पिवळी म्हणजे कुठली पिवळी, तर टॅक्सीची. कंपनीचा सिल्व्हर जसाच्या तसा परत आणायचा हा हट्ट मला पटत नाही. ते मशीन लाखोंनी बनलं, सिल्व्हरवाली जगात भरपूर आहेत, माझ्या एकट्याच्या सिल्व्हर न राहण्याने काही बिघडत नाही. प्रीमियर पद्मिनी टॅक्स्या ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, माझं लहानपण त्यांच्या मागच्या सीटवर गेलं, दार जोरात लावलं की ड्रायव्हर ओरडायचा. कुर्ल्याच्या गॅरेज लाइनमध्ये एक वयस्कर पेंटर चाचा आहेत, आयुष्यभर टॅक्स्याच रंगवल्या त्यांनी. मी फोटो दाखवायला मोबाइल काढला तर त्यांनी हात केला, राहू दे, आणि डोळ्यांनीच शेड मिसळून डबा हातात दिला. त्यांच्याकडून एक गोष्ट शिकलो, पिवळा रंग खालचं काही झाकत नाही, करड्या प्रायमरवर मारला तर शेवाळ्यासारखा दिसतो, म्हणून आधी पांढरा हात आणि मग पिवळा.

मित्राचा छोटा कॉम्प्रेसर आणला. पातळ पातळ हात, मध्ये थांबून, थंडीतही उन्हात न ठेवता सावलीतच वाळवायचं. वरचा भाग पिवळा, चारी बाजू काळ्या, टॅक्सीचं टप जसं वर पिवळं आणि बॉडी काळी. आधी फिकट रंग, मग मास्किंग करून गडद, हा क्रम बदलू नका. टेप रंग कडक व्हायच्या आधी हळूच तिरकी ओढून काढली की कड सुरीने कापल्यासारखी येते. आर्मला मात्र हात लावला नाही. रंगाचं वजन आणि बेअरिंगमध्ये जाणारी धूळ, दोन्ही तिथे नको. प्लॅटर फक्त मेटल पॉलिशने चमकवला, ठिपक्यांना धक्का न लावता.

जुना रंग काढला की छापलेली अक्षरं आणि कंपनीचं नाव पण जातं. पाण्यात भिजवून चिकटवायचे डीकल मिळतात, ते लावून वर क्लिअर मारायचा, पण पहिले हात अगदी धुक्यासारखे, ओला हात मारला तर थिनरने डीकल आक्रसतो. मी पिचचे आकडे तेवढे लावले. नाव लावलं नाही, ज्याला ओळखायचंय तो आर्म बघून ओळखतो आणि ज्याला नाही कळत त्याला मिक्सर वाटतो, तसंही ठीक आहे. मग क्लिअर कडक होईपर्यंत सोडून दिलं, १५०० आणि २००० च्या पेपरने ओलं घासलं, रबिंग कंपाउंड, संपलं.

जोडल्यावर सेटिंग. हेडशेल जिथे आर्मला लागतं तिथल्या रिंगपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर, टेक्निक्सचा छोटा प्लास्टिकचा गेज असतो, नसेल तर पट्टीनेही जमतं. मग वजन मागे-पुढे करून आर्म हवेत तरंगला पाहिजे, तिथे आकडा शून्यावर आणायचा आणि मग कार्ट्रिजच्या (सुई ज्यात असते तो छोटा भाग) कंपनीने सांगितलेलं वजन. दादाने सोबत दिलेली श्युअरची सुई झिजलेली होती, आणि श्युअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणंच बंद केलंय, त्यामुळे ओरिजिनल सुई मिळते ती जुन्या स्टॉकमधली आणि महाग. मी ऑर्टोफॉनचं साधं डीजे कार्ट्रिज घेतलं, रेकॉर्ड मागेपुढे केली तरी सुई उडत नाही.

झाकण अजून बाकी आहे. ॲक्रिलिकवर ओरखडे खूप आहेत पण ते १५०० पासून ३००० पर्यंत ओलं घासून प्लास्टिक पॉलिशने जातील, ती चिंता नाही. चिंता डाव्या बिजागराची, ते तुटलंय आणि नवीन जे मिळतंय ते इतकं ढिलं की झाकण धाडकन खाली येतं. कुणाकडे पडलेल्या मार्क टूचं जुनं बिजागर असेल तर सांगा, पैसे देईन किंवा बदल्यात तुमच्या मशीनची पिच पट्टी साफ करून देईन.